‘सर्व्हर डाऊन आहे’ हे तपासून घ्या!



पूर्वी कचेरीत गेलेल्या माणसाला दोन वाक्ये हमखास ऐकावी लागत. एक, ‘साहेब जागेवर नाहीत’ आणि दुसरे, ‘उद्या या’. आता त्यांच्या जोडीला तिसरे वाक्य आले आहे : ‘सर्व्हर डाऊन आहे.’ बँकेत, रेशन दुकानात, तहसीलीत, ऑनलाइन सेंटरवर, जिथे जावे तिथे हे ऐकू येते. ते ऐकले की आपला माणूस काही न बोलता कागदांची पिशवी उचलतो आणि परत फिरतो. साहेब जागेवर नाहीत हे निदान रिकामी खुर्ची पाहून कळत होते. सर्व्हर मात्र कुठे बसतो, तो डाऊन होतो म्हणजे नेमके काय होते, हे डोळ्यांना दिसत नाही. जे दिसत नाही, त्याच्याशी माणूस वाद तरी कसा घालणार?

आम्ही स्वतः टेबलामागे बसून कारकुनी करणारे. टेबलाच्या दोन्ही बाजू आम्हाला ठाऊक आहेत. हे वाक्य कधी पूर्ण खरे असते, कधी अर्धे खरे असते आणि कधी नुसते टोलवण्यासाठी असते. कोणत्या वेळी कोणते, हे घरच्या साध्या मोबाइलवर पाच मिनिटांत तपासता येते. त्यासाठी इंजिनीअर व्हावे लागत नाही. म्हणून आजचा हा लेख.

नुकसान कोणाचे?

चिखला हे खाणीचे गाव. मॉयल कंपनीची मँगनीजची भूमिगत खाण येथे आहे आणि शेजारी डोंगरी बुजुर्गला उघडी खाण आहे. चिखला, सीतासावंगी, गोबरवाही या पट्ट्यातील कितीतरी घरे खाणीवर, ठेकेदाराच्या मजुरीवर नाही तर धानाच्या शेतीवर चालतात. अशा घरात बहुतेक एकच चांगला फोन असतो. बाप पाळीला गेला की फोनही त्याच्याबरोबर जातो. ओटीपी यायचा तो बापाच्या नंबरवर, आणि बाप जमिनीच्या पोटात! मुलीच्या हातात फोन येतो तो रात्री आठनंतर. त्याच वेळी साइट उघडली नाही, तर दुसऱ्या दिवशी तुमसरची बस पकडायची, सेंटरवर रांग लावायची, पैसे द्यायचे आणि आईची किंवा बापाची एका दिवसाची रोजी बुडवायची. तेथेही ‘सर्व्हर डाऊन’ ऐकायला मिळाले की तिसरा दिवस.

आणि हा अर्ज असतो कशाचा? अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेली भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. परमपूज्य बाबासाहेब त्या वेळी व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते, आणि १९४२ सालीच त्यांनी अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणाची मागणी सरकारपुढे लेखी मांडली होती. इतक्या कष्टाने मिळालेला हक्क आज महाराष्ट्रात ‘महाडीबीटी’ या संकेतस्थळाच्या दारातून घ्यावा लागतो. दार उघडले नाही तर हक्क कागदावर राहतो.

याहून मोठे नुकसान आणखी एक आहे. साइट उघडली नाही की आपली मुले म्हणतात, ‘मलाच जमत नाही.’ आईबाप म्हणतात, ‘आम्ही अडाणी, आमचाच फोन साधा.’ दोष कोणाचा हे पाहण्याआधीच तो आपल्या अंगावर घेण्याची ही सवय फार जुनी आहे, आणि ती कुठून आली हे या पानाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. ती सवय मोडायची तर कारण शोधायला शिकले पाहिजे.

२१ मे २०२५ चा धडा

एक ताजे उदाहरण पाहा. अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश पूर्वी मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावती या शहरी भागांपुरताच होता. २०२५-२६ या वर्षी तो पहिल्यांदाच संपूर्ण राज्याला लागू झाला. म्हणजे आपल्या तुमसर तालुक्यातील मुलामुलींनाही दहावीनंतर पहिल्यांदाच संकेतस्थळावर नोंदणी करावी लागली. नोंदणीचा पहिला दिवस होता २१ मे. त्या दिवशी संकेतस्थळच बंद पडले. मुंबईच्या मुलाला उघडत नव्हते, तसे खेड्यातील मुलीलाही उघडत नव्हते. शेवटी नोंदणी २६ मेपासून नव्याने सुरू करावी लागली.

त्या दिवशी राज्यभर किती मुलांनी आपला फोन बंद-चालू केला असेल, किती पालकांनी घाईने नवा रिचार्ज मारला असेल, याची कल्पना करावी. यातला कोणताही उपाय चालणार नव्हता, कारण दोष फोनमध्ये नव्हताच. महाडीबीटी २०१७ साली सुरू झाले तेव्हाही असेच झाले होते. तांत्रिक अडचणींमुळे २०१७-१८ या वर्षी शासनाला शिष्यवृत्तीसाठी पुन्हा कागदी पद्धतीचा आधार घ्यावा लागला. म्हणजे सरकारी यंत्रणाही अडखळते आणि अडखळली की मुदत वाढते, पर्याय निघतो. मात्र तो निघावा म्हणून कोणीतरी बोलावे लागते, आणि बोलणाऱ्याच्या हातात पुरावा असावा लागतो.

पान आपल्यापर्यंत येते कसे?

क्रोम, फायरफॉक्स, एज ही ब्राउझरची नावे. ब्राउझर म्हणजे आपला निरोप्या. आपण पत्ता टाइप केला की तो चार मुक्काम करतो. पहिला मुक्काम आपला फोन किंवा संगणक. दुसरा मुक्काम लाइन, म्हणजे मोबाइलचा टॉवर किंवा वाय-फाय. तिसरा मुक्काम नावांची नोंदवही. चौथा मुक्काम सर्व्हर, म्हणजे दूर कुठेतरी बसवलेला मोठा संगणक, ज्यात ते पान ठेवलेले असते.

तिसऱ्या मुक्कामाबद्दल थोडे सांगितले पाहिजे. खाणीत आपण माणसाला नावाने ओळखतो, पण हजेरीच्या वहीत त्याचा नंबर चालतो. नावावरून नंबर काढायचा तर वही उघडावी लागते. इंटरनेटवरही प्रत्येक सर्व्हरला नंबर असतो. आपण नाव टाइप करतो, आणि त्या नावाचा नंबर सांगणारी जी जगभर पसरलेली नोंदवही आहे तिला डीएनएस म्हणतात. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस या अमेरिकन शास्त्रज्ञाने ही पद्धत तयार केली. त्याआधी सगळ्या संगणकांची एकच यादी एका ठिकाणी ठेवून ती सर्वांना वाटली जात असे. संगणक वाढले तशी ती यादी पुरेना.

ही वही हरवली तर काय होते, हे ४ ऑक्टोबर २०२१ रोजी सगळ्या जगाने पाहिले. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले असताना फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम एकाच वेळी बंद पडले आणि सुमारे सहा तास बंद राहिले. देखभालीच्या कामात दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेमुळे त्या कंपनीच्या नोंदवहीकडे जाणारा रस्ताच नाहीसा झाला होता. सर्व्हर जागेवर होते, लोकांचे फोन ठीक होते, पण नावावरून नंबर सांगणारे कोणी उरले नव्हते. एवढ्या श्रीमंत कंपनीचे असे होऊ शकते, तर आपल्या मुलीने स्वतःला दोष का द्यावा?

तथागतांनी प्रतीत्यसमुत्पादात हेच शिकवले आहे की, कारणाशिवाय काही घडत नाही. कारण दूर केले की परिणाम दूर होतो. तेव्हा साइट उघडली नाही तर नशिबाला बोल लावू नये. चार मुक्कामांपैकी गाडी कुठे अडली, एवढेच शोधावे.

पहिली परीक्षा : दुसरी साइट उघडून पाहा

सर्वांत आधी हे करावे. जी साइट उघडत नाही ती सोडून दुसऱ्या दोन साइट उघडाव्यात. एखादे वर्तमानपत्र आणि एखादी रेल्वेची किंवा बँकेची. नेहमी पाहिलेली साइट घेऊ नये, कारण तिचे जुने पान फोनच्या आठवणीत साठवलेले असू शकते आणि ते पाहून नेट चालू आहे असा भास होतो.

दुसऱ्या साइट उघडल्या, म्हणजे आपला फोन आणि लाइन बहुधा ठीक आहेत. दोष त्या एका साइटकडे जाणाऱ्या वाटेवर किंवा पलीकडे आहे. एकही उघडली नाही, म्हणजे दोष आपल्या बाजूला आहे आणि आनंदाची गोष्ट अशी की तो आपल्या हातात आहे. या एका परीक्षेने अर्धे काम होते.

काहीच उघडत नसेल तर

आधी वाय-फायचे चिन्ह पाहावे. वाय-फायची खूण दिसते म्हणजे नेट आहेच असे नाही. वाय-फायच्या डब्यापर्यंत फोन पोचला, पण डब्याला पुढची लाइन नाही, असे पुष्कळदा होते. वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर पाहावे. डेटावर उघडले तर दोष वाय-फायचा. डबा एक मिनिट बंद ठेवून पुन्हा सुरू करावा.

डेटावरही उघडत नसेल तर विमानाचे चिन्ह असलेला मोड दहा-पंधरा सेकंद सुरू करून बंद करावा. फोन टॉवरला नव्याने जोडला जातो. टेकडीच्या आडोशाला, पत्र्याच्या घरात रेंज मुळातच कमी असते. बाहेर मोकळ्या जागेत जाऊन पाहावे. तरीही नाही तर फोन बंद करून चालू करावा.

मग पॅक पाहावा. ‘व्हॉट्सअ‍ॅप चालते, मग साइट का उघडत नाही?’ हा प्रश्न आमच्याकडे नेहमी येतो. बऱ्याच पॅकमध्ये दिवसाचा डेटा ठरलेला असतो. तो संपला की नेट पूर्ण बंद होत नाही, पण वेग अगदी मंदावतो. त्या वेगात चार शब्दांचा निरोप कसाबसा जातो. फोटो, रकाने आणि बटने असलेले जड पान मात्र येत नाही. घरातील लहानग्याने दिवसभर व्हिडिओ पाहिले असतील, तर रात्री ताईचा फॉर्म अडणारच. फॉर्म भरायच्या दिवशी डेटा राखून ठेवावा, हे घरात आधी ठरवावे.

त्यानंतर तारीख आणि वेळ पाहावी. हे ऐकून हसू येईल, पण जुन्या संगणकावर साइट न उघडण्याचे हे फार मोठे कारण आहे. प्रत्येक सुरक्षित साइटजवळ एक ओळखपत्र असते आणि त्यावर मुदत लिहिलेली असते. संगणकाच्या आत घड्याळासारखा एक गोल सेल असतो. तो संपला की संगणक बंद केल्यावर तारीख मागे जाते. मग संगणकाला वाटते की आज २०१० साल आहे आणि साइटचे ओळखपत्र तर पुढच्या काळातले आहे. तो साइट अडवतो. तारीख दुरुस्त केली की साइट उघडते. तो सेल स्वस्त असतो. त्यासाठी कोणी नवा संगणक घ्यायला सांगत असेल, तर त्याच्या बोलण्यात येऊ नये.

फोनमध्ये कोणी व्हीपीएन नावाचे अ‍ॅप टाकले असेल तर ते बंद करावे. ते आपली विनंती दुसऱ्या देशातून फिरवून आणते, आणि काही सरकारी साइट परदेशातून आलेली विनंती घेत नाहीत. सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ असे दिसले तर ते ‘ऑटोमॅटिक’वर ठेवावे. तेथे चुकीचे नाव भरलेले असेल तर एकही साइट उघडत नाही.

एका ब्राउझरवर नाही, दुसऱ्यावर आहे

क्रोमवर उघडत नसेल तर फायरफॉक्स किंवा एजवर पाहावे. तेथे उघडले तर दोष त्या एका ब्राउझरचा. साठलेल्या जुन्या नोंदी, जिला कॅशे आणि कुकीज म्हणतात, त्या आड येत असतील. आधी ‘इन्कॉग्निटो’ खिडकीत उघडून पाहावे. तेथे उघडले तर फक्त त्या साइटच्या जुन्या नोंदी पुसाव्यात. सगळ्या पुसल्या तर इतर ठिकाणचे लॉगिनही निघून जातात. संगणकावर एकच ब्राउझर अडत असेल तर त्यातील जादा जोडण्या, ‘प्रॉक्सी’चे सेटिंग आणि अँटीव्हायरसने त्याला अडवले आहे का, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे.

संगणक फार जुना असेल तर तेही कारण असते. मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररचा आधार १५ जून २०२२ रोजी काढून घेतला. विंडोज ७ साठी क्रोमची शेवटची आवृत्ती २०२३ च्या जानेवारीत आली. तिचा क्रमांक १०९. त्यानंतरची क्रोम त्यावर चढत नाही. वाचनालयात दान म्हणून आलेला संगणक या जातीचा असू शकतो. तो टायपिंग शिकायला वापरावा. शेवटच्या तारखेचा फॉर्म त्याच्या भरवशावर ठेवू नये.

पडद्यावर काय लिहिले आहे ते वाचा

आपली मुले अडथळा आला की ती खिडकी पटकन बंद करतात. तसे करू नये. पडद्यावरचे इंग्रजी वाक्य म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी. त्यातच रोग लिहिलेला असतो.

‘नो इंटरनेट’ आणि क्रोमचा छोटा डायनोसॉर दिसला तर दोष फोनचा किंवा लाइनचा. ‘सर्व्हर आयपी अ‍ॅड्रेस कुड नॉट बी फाउंड’ असे आले तर नोंदवहीत नाव सापडले नाही. पत्ता टाइप करताना अक्षर चुकले का ते आधी पाहावे. पत्ता बरोबर असेल आणि इतर साइट उघडत असतील, तर वाय-फायवरून डेटावर किंवा दुसऱ्या कंपनीच्या सिमवर पाहावे, कारण प्रत्येक कंपनीची वही वेगळी असते. ‘युअर क्लॉक इज बिहाइंड’ म्हणजे तारीख मागे आहे. ‘टुक टू लाँग टु रिस्पॉन्ड’ म्हणजे निरोप गेला पण उत्तर वेळेत आले नाही. पलीकडे गर्दी असू शकते किंवा आपले नेट मंद असू शकते. पहिली परीक्षा घेतली की यातले कोणते ते कळते.

‘५०२’, ‘५०३’ किंवा ‘५०४’ असा आकडा आला तर निरोप पलीकडच्या दारापर्यंत पोचला आणि तिकडची यंत्रणा कोलमडली, असे समजावे. खरे ‘सर्व्हर डाऊन’ ते हे. यात तुमचा काहीही दोष नाही. ‘४०४’ आले तर साइट चालू आहे, फक्त ते पान तेथे नाही. मुखपृष्ठावर जाऊन पुन्हा शोधावे.

‘युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ हा संदेश आला आणि तारीख बरोबर असेल, तर तेथे थांबावे. ‘तरीही पुढे जा’ असे बटन दिसते, ते दाबून आधार क्रमांक किंवा बँकेचा तपशील भरू नये. सरकारी साइटच्या पत्त्याच्या शेवटी बहुधा ‘डॉट गव्ह डॉट इन’ असते, तेही बघावे. नाव सारखे आणि शेपूट वेगळे अशा बनावट साइट पुष्कळ असतात.

अडचणीत सापडलेल्याला लुटणारे

साइट उघडत नाही म्हणून मुले गूगलवर ‘कस्टमर केअर’चा नंबर शोधतात. असा नंबर चोराचाही असू शकतो. ‘हे अ‍ॅप टाका, मी इथून दुरुस्त करून देतो,’ असे तो सांगतो. त्या अ‍ॅपमधून आपला पडदा त्याला दिसतो आणि ओटीपीसुद्धा. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून कोणतेही अ‍ॅप टाकू नये, ओटीपी सांगू नये. नंबर घ्यायचा तर कॉलेजच्या फलकावरून किंवा सरकारी साइटवरूनच घ्यावा. पैसे गेलेच तर क्षणाचाही उशीर न करता १९३० या नंबरवर तक्रार करावी. मोबाइल कंपनीच्या नेटबद्दल तक्रार असेल तर १९८ वर करावी आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा.

कालाम सुत्तात तथागतांनी सांगितले की, कोणी सांगितले म्हणून किंवा सगळे म्हणतात म्हणून एखादी गोष्ट मानू नका, स्वतः तपासा. ‘सर्व्हर डाऊन आहे’ या वाक्यालाही तोच नियम लावावा आणि ‘मी दुरुस्त करून देतो’ या वाक्यालाही.

दोष पलीकडचा ठरला, तर पोच घ्या

आता आमच्या कारकुनी पेशातील गोष्ट सांगतो. कचेरीत खरे काय घडले त्यापेक्षा फायलीत काय आहे याला किंमत असते. ‘साइट चालत नव्हती’ असे तोंडी सांगितले तर ते हवेत विरते. म्हणून अडथळा दिसला की त्याच वेळी पडद्याचा फोटो, म्हणजे स्क्रीनशॉट, घ्यावा. त्यात तारीख, वेळ आणि साइटचा पत्ता दिसला पाहिजे. लगेच दुसरी साइट उघडून तिचाही फोटो घ्यावा. आपले नेट चालू होते याचा तो पुरावा. दिवसातून तीन वेळा प्रयत्न करावा. पहाटे पाच-सहाला गर्दी कमी असते. पुष्कळदा त्या वेळी काम होऊन जाते. न झाल्यास अर्ज लिहावा. नमुना असा :

‘मा. प्राचार्य महोदय, मी अमुक वर्गाची विद्यार्थिनी. दिनांक अमुक रोजी सकाळी ६, दुपारी २ आणि रात्री १० वाजता अमुक संकेतस्थळावर अर्ज भरण्याचा प्रयत्न केला. तिन्ही वेळा अमुक संदेश आला. त्याच वेळी त्याच फोनवर इतर संकेतस्थळे उघडत होती. छायाचित्रे सोबत जोडली आहेत. माझ्याकडून दिरंगाई झालेली नाही. तरी मुदत वाढवून मिळावी किंवा अर्ज कागदावर स्वीकारण्यात यावा, ही नम्र विनंती.’

अर्जाच्या दोन प्रती काढाव्यात. एक कॉलेजात द्यावी आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. शिष्यवृत्तीचा विषय असेल तर एक प्रत भंडाऱ्याच्या सहायक आयुक्त, समाज कल्याण यांच्या कार्यालयाला पाठवावी. हे सर्व शेवटच्या तारखेच्या आत झाले पाहिजे. मुदत संपल्यावर केलेल्या तक्रारीला बहाण्याचा वास येतो, हे कटू असले तरी खरे आहे.

हा हट्ट नाही, हक्क आहे. केरळच्या कोझिकोड जिल्ह्यात एका विद्यार्थिनीला वसतिगृहात संध्याकाळी मोबाइल वापरायला मनाई होती. ती मान्य न केल्याने तिला वसतिगृहाबाहेर काढले. ती उच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने सांगितले की, इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या हक्काचा आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, आणि तिला परत घेण्याचा आदेश दिला. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही एका निकालात डिजिटल सेवा मिळणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. १९२७ साली महाडला पाणी सार्वजनिक होते, पण वाट अडवलेली होती. आज अडवणारा माणूस समोर दिसत नाही, एवढाच फरक. वाट मोकळी हवी, ही मागणी मात्र तीच आहे.

विहार काय करू शकते?

एकट्या मुलीचा अर्ज टेबलावर पडून राहतो. वीस मुलांचे अर्ज एकाच दिवशी, एकाच मजकुराचे, वीस फोटोंसह गेले की साहेबांना फाइल वर पाठवावीच लागते. संघटना म्हणतात ती हीच. त्यासाठी मोर्चाच काढावा लागतो असे नाही.

प्रत्येक विहारात जून ते ऑगस्ट या काळात आठवड्यातून दोन संध्याकाळी फॉर्म भरण्याची बैठक ठेवावी. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिम असलेले फोन तेथे असावेत, म्हणजे एका लाइनचा दोष लगेच कळतो. एक वही ठेवावी. त्यात तारीख, वेळ, साइट, आलेला संदेश आणि केलेला उपाय लिहावा. ती वही एका मुलीकडे सोपवावी. मुली नोंद नीट ठेवतात असा आमचा अनुभव आहे. वर्षभराने त्या वहीत आपल्या गावचा अनुभव जमा होईल आणि पुढच्या वर्षीच्या मुलांना पहिल्यापासून चाचपडावे लागणार नाही. ज्या दादा-ताईला हे जमते, त्यांनी फॉर्म स्वतः भरून देऊ नये. मुलाच्या हातून भरून घ्यावा. दुसऱ्याने भरून दिलेला फॉर्म एक वर्ष पुरतो, स्वतः भरलेला जन्मभर.

आईबापांनाही एक सांगणे आहे. ‘तुला एवढे शिकवले आणि साधी साइट उघडता येत नाही?’ असे लेकराला बोलू नका. ‘दुसरी साइट उघडते का, बघ बाळा,’ असे विचारा. एवढा एक प्रश्न विचारता आला तरी पुरे. त्यासाठी इंग्रजी यावे लागत नाही.

आणि यापुढे टेबलापलीकडून कोणी म्हणाले की ‘सर्व्हर डाऊन आहे’, तर शांतपणे, नम्रपणे विचारा : ‘साहेब, कोणता सर्व्हर? कधीपासून? पडद्यावर काय आले ते दाखवता का? आणि आम्ही येऊन गेलो याची पोच द्या.’ वाक्य खरे असेल तर पोच देताना त्यांचा हात अडणार नाही. खोटे असेल तर आपला सर्व्हर लगेच वर येईल!

जय भीम! नमो बुद्धाय!